माझ्या हातून काहीतरी झालंय

गेल्या वर्षभरापासून मावशीला माणसे ओळखू येत नाहीत. कधी ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारते, कधी परक्या बाईशी बोलावे तशी 'अहो' म्हणते आणि कधी नुसतीच बघत राहते. त्या दुपारी ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. चादरीच्या किनारीचा एक सुटलेला दोरा ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मी शेजारी बसले तशी माझ्याकडे वळली आणि कोणी ऐकू नये अशा बेताने म्हणाली, "माझ्या हातून काहीतरी झालंय." काय झाले, असे मी विचारले. "ते आठवत नाही. पण झालंय." मी म्हणाले, "नाही गं मावशी, तुझ्या हातून काही म्हणजे काही झालेलं नाही." तिने मान हलवली, दोरा गुंडाळला आणि दहा मिनिटांनी तेच वाक्य पुन्हा आले. असे पाच-सहा वेळा झाले. दर वेळी मी अधिक ठामपणे नाही म्हणत गेले आणि दर वेळी तिचा चेहरा अधिकच ओढल्यासारखा होत गेला. शेवटी तिची देखभाल करणाऱ्या ताई औषध घेऊन आत आल्या. त्यांनी ते वाक्य ऐकले, गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे करत सहज म्हणाल्या, "हो आजी, झालं होतं. पण माफ केलंय." मावशीने गोळी गिळली. बोटाभोवतीचा दोरा सोडला. "बरं झालं," म्हणाली आणि आडवी झाली.

मी ते उत्तर कधीच दिले नसते.

पुढचे कित्येक दिवस ते मला छळत राहिले. एक तर ते खोटे होते. मावशीच्या हातून कोणाचे वाईट झाल्याचे मला तरी ठाऊक नाही, आणि झाले असले तरी ताईंना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुसरे म्हणजे, जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्तीच जिथे माहीत नाही तिथे माफी कोणाच्या वतीने दिली? पण याहून जास्त टोचत होते ते वेगळेच. माझे खरे बोलणे तिला लागू पडले नव्हते, ताईंचे खोटे पडले होते. मी तिला सांगत होते की तुला जे वाटते आहे त्याला काही आधारच नाही. म्हणजे आधीच एकट्या पडलेल्या बाईला मी आणखी एकटे पाडत होते. ताईंनी आधी तिचे म्हणणे मान्य केले आणि मग ते मिटवून टाकले. मान्य करणे आणि मिटवणे, या दोन पायऱ्यांतली पहिली मी गाळत होते.

हे मला इतके लागावे याला कारण आहे. गेली वीस-पंचवीस वर्षे मी कुठल्याही चर्चेत एक मत हिरिरीने मांडत आले आहे: धर्माचा सगळा डोलारा पापाच्या कल्पनेवर उभा आहे, आधी माणसाला आजारी ठरवायचे आणि मग त्याला औषध विकायचे. पापाची भीती काढून घेतली तर धर्मात जे चांगले आहे तेवढे शिल्लक राहील, संगीत राहील, एकमेकांना धरून राहणे राहील, विश्वाकडे पाहून अवाक होणे राहील, असे मला वाटत असे. मावशी या मताला छेद देत होती, कारण ती देवाधर्माच्या वाटेला फारशी कधी गेलेली नाही. तिच्या मनात पाप कोणी पेरले नव्हते. स्मरणशक्तीचे एकेक दार बंद होत गेले, नावे गेली, चेहरे गेले, आणि रिकाम्या घरात शेवटचा दिवा राहावा तशी ही एक टोचणी मागे राहिली. असे होऊ शकते याला संशोधनाचा आधार आहे. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग निकामी झालेल्या रुग्णांना दुःखद चित्रफिती दाखवल्या होत्या. थोड्या वेळाने काय पाहिले ते त्यांना सांगता येईना, दुःख मात्र तसेच टिकून होते. पुढे अल्झायमरच्या रुग्णांमध्येही हेच आढळले. कारण पुसले जाते आणि भावना मागे राहते. मग त्या बेवारस भावनेला माणूस काहीतरी नाव शोधत बसतो.

आपल्या भाषेने या भावनेला किती नावे दिली आहेत ते मी एका रात्री मोजत बसले होते. रुखरुख वेगळी, चुटपूट वेगळी, सल वेगळा, खंत त्याहून वेगळी. ओशाळणे चारचौघांत असते. मन खाते ते एकांतात. 'मन खातं' यात खाणारे मन आणि खाल्ले जाणारे मनच, आणि मराठी माणसाला त्यात काही विचित्र वाटत नाही. पण मला सर्वांत जास्त अडवले ते 'पापभीरू' या शब्दाने. शब्दशः पाहिले तर पापाला भिणारा, म्हणजे भित्रा. तरी आपण तो कोणाविषयी वापरतो? ज्याच्या हाती घराची किल्ली बिनधास्त द्यावी अशा माणसाविषयी. भीतीचे कौतुक करणारे शब्द भाषेत सहसा सापडत नाहीत. पापाच्या भीतीने माणसे दबून जातात हे मी पाहिले आहे. पण पापाला मुळीच न भिणारा माणूस शेजारी राहायला आला तर मला झोप लागणार नाही, हेही खरे आहे.

लहानपणी पाठ केलेला एक श्लोक मला अजून आठवतो, आणि माझ्या पिढीतल्या अनेकांना तो अर्थ न कळता पाठ असेल: 'पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः'. चाल गोड आहे, म्हणताना जीभ आपोआप पुढे सरकते. त्यातले चार शब्द एकापुढे एक ठेवून पाहावेत असे मला फार उशिरा सुचले. मी पाप आहे. पाप करणारा आहे. माझा आत्मा पापी आहे. मी पापातूनच जन्मलो आहे. चारही शब्द जणू एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत अशा थाटात एका ओळीत बसतात, पण ते एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत. 'पापकर्म' हे कृत्याविषयी आहे. ते कधी घडले, कोणाबाबत घडले, भरपाई काय, असे प्रश्न त्याला विचारता येतात. 'पापात्मा' माझ्या असण्याविषयी आहे आणि तिथे भरपाईचा प्रश्नच संपतो. 'पापसंभव' तर माझ्या आधीचे आहे. लाज आणि खंत यांचा अभ्यास करणाऱ्या जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ हाच भेद दाखवतात: 'मी वाईट केले' असे वाटणारा माणूस बहुधा दुरुस्तीकडे वळतो आणि 'मी वाईट आहे' असे वाटणारा लपतो, किंवा दुसऱ्यावर चिडतो. म्हणजे सात-आठ वर्षांची मी, गोड चालीत, एका श्वासात दुरुस्तीकडून लपण्याकडे जात होते.

'आमच्याकडे पापाचे तसले काही नाही, ते तिकडचे,' असे ऐटीत सांगणारी माणसे मला नेहमी भेटतात. ती बहुधा विवेकानंदांचा हवाला देतात, आणि तो चुकीचा नाही. १९ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या धर्मपरिषदेत वाचलेल्या निबंधात त्यांनी श्रोत्यांना अमृताची लेकरे म्हटले आणि माणसाला पापी म्हणणे हेच पाप आहे असे ठणकावले. वाक्य भव्य आहे. पण जरा थांबून ऐकले तर लक्षात येते, की पापाची कल्पना उडवून लावतानाही त्यांना तोच शब्द वापरावा लागला. 'चूक आहे' म्हणून भागले नसते, 'अयोग्य आहे' म्हणूनही नसते. माणसाच्या प्रतिष्ठेवर झालेला घाव किती खोल आहे हे सांगायला दुसरा शब्द हाताशी नव्हता. आणि 'तिकडचे' म्हणणाऱ्यांसाठी ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले शहाऐंशीवे सूक्त आहे. मी ते अलीकडे पुन्हा वाचले आणि मधेच पुस्तक मिटून बसले. त्यात वसिष्ठ वरुणाला विचारतो, की असा कोणता मोठा अपराध माझ्या हातून झाला, ज्यासाठी तू आपल्या मित्राला मारू पाहतोस? मला तो जाणून घ्यायचा आहे, जाणत्यांना विचारले तर सगळे एकच सांगतात की वरुण तुझ्यावर रागावला आहे. पुढे तो कारणे चाचपून पाहतो: ते माझ्या इच्छेने झाले नसेल, मद्याने झाले असेल, रागाने, फाशांनी, बेसावधपणाने, वाडवडिलांनी केलेले आणि आम्ही स्वतः केलेले, दोन्ही सोडव, असेही म्हणतो. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो ऋषी आणि चादरीचा दोरा गुंडाळणारी माझी मावशी एकच वाक्य बोलत होती. काहीतरी झालंय, काय ते ठाऊक नाही.

म्हणून धर्माने अपराधीपण निर्माण केले, हे माझे जुने मत आता मला पूर्वीच्या जोरात मांडता येत नाही. ते आधीच होते. धर्मांनी त्याचे पुढे काय केले, हा प्रश्न उरतो, आणि तिथे मला धर्मांची बाजू घ्यावीशी वाटत नाही. ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टिनचेच पाहा. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर रात्री एका झाडाची नासपती चोरल्याचे त्याने पाव शतकाहून अधिक काळाने, इ.स. ४००च्या आसपास, लिहून ठेवले. भूक नव्हती, फळे फार चांगलीही नव्हती, बहुतेक डुकरांपुढे फेकली. चोरी करायची म्हणून केली, एवढेच. या एका फुटकळ चोरीवर तो पानेच्या पाने खर्च करतो, आणि ती पाने वाचताना मला त्याचा राग येत नाही, कारण वाईट हे वाईट आहे म्हणूनच हवेसे वाटल्याचा क्षण मलाही आठवतो. पण याच माणसाने पुढे सिद्धांत मांडला, की देवाची आज्ञा मोडणाऱ्या पहिल्या माणसाचा, आदामाचा, दोष प्रत्येक जन्मणाऱ्या मुलात उतरतो, दूधपित्या बाळातही. पेलाजियस या त्याच्याच काळातल्या ख्रिस्ती उपदेशकाने विरोध केला, माणसाला चांगले वागणे शक्य आहे असे म्हटले, तर ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने त्याची मते धिक्कारली. नासपतीची चोरी खरी होती. झाड कोणाचे ते ठाऊक होते, भरपाई करता आली असती. बाळाच्या दोषाला ना झाड ना मालक. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेने आदामाकडून मृत्यू वारशाने येतो, दोष नव्हे, अशी भूमिका घेतली. आणि कुराणात तर आदाम पश्चात्ताप करतो, त्याला क्षमा मिळते आणि विषय तिथेच मिटतो. गोष्ट एकच असली तरी ती पेलायला बाळाचा खांदा लागलाच पाहिजे असे नव्हते.

वारशाचा हा खेळ आपल्याकडे जास्त निर्दयपणे खेळला गेला, असे मला वाटते. तिकडे निदान सगळेच पापी होते. इकडे मागच्या जन्मीच्या कर्माचा हिशेब दाखवून कोणाला जन्मतःच खाली बसवले गेले, आणि बसवणाऱ्यांचे मन त्याबद्दल कधी खाल्ले नाही. गीतेत 'पापयोनि' हा शब्द येतो आणि त्याच श्लोकात स्त्रिया, वैश्य, शूद्र येतात. त्या शब्दाची सांगड कोणाशी घालायची यावर भाष्यकार भांडत राहिले, पण त्या यादीत आपण आहोत हे वाचताना मला भाष्यकारांची फारशी मदत झाली नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हत्येची प्रायश्चित्ते आहेत: ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्ताचा चौथा हिस्सा क्षत्रियाच्या हत्येला, आठवा वैश्याच्या आणि सोळावा शूद्राच्या. एका माणसाला मारल्याची टोचणी किती वेळ टिकावी हे मेलेल्याच्या जातीवरून ठरवलेले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले. पापाची कल्पना धर्माला हवी की नको, असा प्रश्न बौद्धिक चर्चेत मांडणे सोपे जाते. पण ज्यांच्या जन्मालाच पापाचे फळ म्हटले गेले त्यांच्यापुढे तो मांडताना मला माझ्याच आवाजाची शरम वाटते.

आणि तरीही प्रायश्चित्ताच्या त्या कोष्टकांतली एक गोष्ट मला अलीकडे वेगळी दिसू लागली आहे. चांद्रायण घ्या. पौर्णिमेला पंधरा घास, मग रोज एक कमी करत अमावास्येला उपवास, मग रोज एक वाढवत पुन्हा पंधरा. आयर्लंडच्या मठांत सहाव्या-सातव्या शतकांत अशाच याद्या होत्या, अमुक दोषासाठी इतके दिवस भाकरी-पाणी. मी या याद्यांना हसत असे. पण त्यांत एक शहाणपण होते: त्यांना शेवटची तारीख होती. चंद्र पुन्हा भरला की तुम्ही सुटलात. त्यानंतर कुढत बसायची तुम्हाला परवानगी नव्हती. ज्यांना ही तारीख सापडत नाही त्यांचे काय होते याची नोंदही धर्माच्याच इतिहासात आहे. पुढे ख्रिस्ती धर्मसुधारक झालेला मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन् तास कबुलीजबाब देई आणि बाहेर पडताच आणखी काही आठवून परत येई. त्या काळच्या धर्मगुरूंना हा आजार नीट ठाऊक होता, आणि त्याला दिलेले लॅटिन नाव ज्या शब्दावरून आले त्याचा अर्थ आहे बारीक टोकदार खडा. चपलेतला खडा. पाऊल टाकले की टोचतो, काढून पाहिले तर दिसत नाही. अशा खड्याने बेजार झालेल्या माणसांना १५१७च्या सुमारास पापदंडमाफीची पत्रे विकली जात होती, पेटीत नाणे वाजले की आत्मा सुटला. ल्यूथर त्याविरुद्ध उभा राहिला, हे सगळे जाणतात. मला मात्र वाटते की त्याने ती विक्री ओळखली, कारण गिऱ्हाइकाची तगमग त्याने स्वतः भोगली होती.

माझाही एक खडा आहे.

अनेक वर्षांपूर्वी काकांचे, म्हणजे मावशीच्या यजमानांचे, ऑपरेशन होते. आदल्या रात्री तिने फोन केला आणि म्हणाली, येतेस का सोबतीला, एकटीला नको वाटतंय. मी म्हणाले, मला ताप आहे. मला ताप नव्हता. मला रुग्णालयातली रात्र नको होती, ते बाक नको होते, ट्यूबलाइटचा तो आवाज नको होता, बस्स. त्या रात्री तिकडे काहीही वाईट घडले नाही. ऑपरेशन नीट झाले, काका पुढे कितीतरी वर्षे जगले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, काकांना आत नेलेले असताना, तिचा फोन आला: ताप उतरला का? तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशीही. दर वेळी मी खोटा ताप थोडा थोडा उतरवत गेले. कुठल्याही धर्माच्या महापातकांच्या यादीत हे बसणार नाही. मी तिच्याजवळ कधी बोललेही नाही, कारण आधी ते फार क्षुल्लक वाटे, नंतर फार जुने वाटू लागले, आणि आता ते ऐकून लक्षात ठेवणारी व्यक्तीच उरलेली नाही.

पुढच्या खेपेला मी ताईंचे उत्तर वापरून पाहिले. मावशीने वाक्य उच्चारताच म्हणाले, "हो, झालं होतं. पण माफ केलंय." ताईंच्या तोंडी जे सहज आले ते माझ्या तोंडी पाठ केल्यासारखे आले असावे. मावशीने मान वर केली. "कोणी?" मला हे अपेक्षित नव्हते. मी म्हणाले, "मी." तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि विचारले, "तू कोण?"

तिच्यापुरता तो साधा प्रश्न होता. पण माफी देणारी तू कोण, हा प्रश्न धर्मांनाही फार पूर्वीपासून पडलेला आहे, आणि ज्यांनी त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. ज्यूंच्या मिश्ना या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात स्पष्ट म्हटले आहे, की माणूस आणि देव यांच्यातले दोष प्रायश्चित्ताच्या महादिवशी धुतले जातात; माणसामाणसांतले दोष, ज्याला दुखावले त्याची समजूत काढल्याशिवाय, धुतले जात नाहीत. म्हणजे देवाने आपले अधिकारक्षेत्र स्वतःहून आखून घेतले. बाराव्या शतकात मायमोनिडिस या ज्यू धर्मपंडिताने पुढची तजवीज लिहिली: तो माणूस ऐकत नसेल तर तीन वेळा जा, तो मेला असेल तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जा आणि काय केलेस ते बोल. इस्लाममध्येही हा विचार आहे. एका हदीसमध्ये पैगंबर विचारतात, की दिवाळखोर कोण? ज्याच्याजवळ पैसा नाही तो, असे सोबती म्हणतात. पैगंबर सांगतात, की नमाज, रोजे, जकात यांचा साठा घेऊन शेवटच्या दिवशी येणारा, पण ज्याने कोणाला शिवी दिली, कोणाचा माल खाल्ला, कोणाला मारले, तो खरा दिवाळखोर. त्याचे पुण्य त्या एकेकाला वाटले जाईल आणि ते अपुरे पडले तर त्यांची पापे याच्या अंगावर येतील. या गोष्टीत पाप ही अंतराळातली वस्तू राहत नाही. तिला पत्ता असतो, समोर माणूस असतो. तुकोबांनी तर 'पुण्य पर उपकार पाप ते परपीडा' म्हणून सगळा पसारा अर्ध्या ओळीत आटोपला आणि वर याला दुसरी जोड नाही असेही सांगितले.

पापाशिवाय धर्म चालतो का, याचे उत्तर शोधायला मी बुद्धाकडे गेले, कारण तिथे रागावणारा वरुण नाही. तिथे जे सापडले त्याने मी जराशी चकित झाले. बुद्धाने लाज आणि वाईटाचा धसका यांना जगाचे राखणदार म्हटले. ते सुटले तर माणसे पशूंसारखी वागतील. पण झाल्या गोष्टीबद्दल कुढत राहणे, ज्याला पालीत 'कुक्कुच्च' म्हणतात, ते मात्र ध्यानाच्या पाच अडथळ्यांत टाकले आणि त्याला गुलामीची उपमा दिली. कृत्याआधीची टोचणी राखणदार आणि कृत्यानंतरची मालक, इतका साधा फरक मला कोणी लहानपणी सांगितला असता तर बरे झाले असते. अंगुलिमालाच्या गोष्टीत हे दिसते. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा तो भिक्षू होतो, त्याला कोणी रडायला लावत नाही, 'मी पापी' म्हणायला लावत नाही. पण भिक्षेला गेला की लोकांनी भिरकावलेले दगड त्याला लागतात, डोके फुटते, पात्र फुटते, आणि रक्ताळलेला तो परत येतो तेव्हा बुद्ध म्हणतात, सहन कर. मन मोकळे झाले म्हणून मेलेल्यांचे नातेवाईक दगड खाली ठेवतील असे नाही. या गोष्टीत कोणालाही स्वस्तात सोडलेले नाही, म्हणून ती मला पटते.

माझी एक मैत्रीण कट्टर नास्तिक आहे आणि माझ्या ओळखीत तिच्याइतकी अपराधी बाई दुसरी नाही. मुलाला वेळ दिला नाही म्हणून, विमानाने फिरले म्हणून, आईचा फोन घेतला नाही म्हणून, आज चालायला गेले नाही म्हणून. एकदा ती म्हणाली, "देवाला रजा दिली, पण त्याची हिशेबाची वही माझ्याच टेबलावर राहिली." वही आहे, नोंदी चालू आहेत, पण शेवटी बेरीज करून 'जमा' म्हणणारे कोणी नाही, चांद्रायण नाही, महादिवस नाही, कबरीपाशी न्यायला दहा माणसे नाहीत. सार्वजनिक जीवनातही आज तेच दिसते: एखाद्याचे दहा वर्षांपूर्वीचे वाक्य उकरून काढायची यंत्रणा तयार आहे, त्याला परत घेण्याची कोणतीच रीत नाही. त्यामुळे धर्माला पापाची कल्पना लागते का, या प्रश्नावर माझे उत्तर आज असे आहे, की 'पापात्मा' आणि 'पापसंभव' हे दोन शब्द धर्माने खुशाल टाकून द्यावेत. त्यांनी भले कोणाचेच केले नाही, धंदा मात्र अनेकांचा चालवला. पण 'पापकर्म' टाकून दिले तर दुखावलेल्या माणसाची बाजू घेणारा शब्दच हातून जातो, आणि मग 'सगळे ठीक आहे, तुझ्या हातून काही झाले नाही' असे गोड बोलणारा धर्म उरतो. ते उत्तर मी मावशीला सहा वेळा देऊन पाहिले होते.

परवा पुन्हा गेले. चादर बदललेली होती आणि तिला सुटलेला दोरा नव्हता, म्हणून मावशी नुसतीच किनार चोळत बसली होती. ताई बाहेर कपडे वाळत घालत होत्या. मी शेजारी बसले आणि ती काही बोलायच्या आत म्हणाले, "मावशी, माझ्या हातून काहीतरी झालंय." तिने किनार चोळणे थांबवले. मग मी सगळे सांगितले. काकांचे ऑपरेशन, तिचा फोन, बाक, ट्यूबलाइट, आणि ताप नव्हताच हे. सांगायला दोन मिनिटेही लागली नाहीत. ती लक्ष देऊन ऐकत होती, किंवा माझ्या ओठांकडे पाहत होती. मी गप्प झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हात उचलला, उपडा करून माझ्या कपाळावर ठेवला आणि लहान मुलाचे अंग पाहावे तसा थोडा वेळ तिथेच ठेवून दिला. तिचा हात थंड होता.

"अजून आहे थोडा," ती म्हणाली.